वर्गणीच्या पत्रातला ‘आपला’ कोणाचा? रोजच्या मजकुराची चिकित्सा कशी करावी

लिफ्टमध्ये चिकटवलेली रहवासी संघाची हिंदी सूचना, गणेशोत्सवाच्या वर्गणीचं मराठी पत्र, भिंतीवर रंगवलेली स्वच्छतेची घोषणा, मोबाइलवरची रील. इंदुरातल्या मराठी माणसाच्या नजरेखालून दिवसभरात एवढं तरी जातंच. यातला प्रत्येक मजकूर काहीतरी करायला किंवा मानायला लावतो. तो ते कसं करतो हे त्याच्याच शब्दांतून दाखवणं म्हणजे रेटॉरिकल क्रिटिसिझम. त्याला पेन्सिल, कागद आणि तासभर सलग वेळ पुरतो.

सुरुवातीला शंभर शब्दांच्या आतला, पण पूर्ण मजकूर घ्या. तो हाताने उतरवा आणि ओळ जिथे तुटली आहे तिथेच तोडा; ठळक अक्षरं, सही, तारीख, कुठे लावला होता, हेही लिहा. रील असेल तर तीन रकाने आखा: चित्र, शब्द, आवाज. एकदा आवाज बंद करून पाहा, एकदा डोळे मिटून ऐका.

आता नमुन्यादाखल हे पत्र धरू:

‘इंदुरातली आपली मराठी चार पिढ्यांनी जपली. आज मुले मराठी विसरत चालली आहेत. आपला वारसा टिकवायचा, तर यंदाच्या उत्सवाला आपला हातभार हवा. सढळ हाताने वर्गणी द्यावी, ही नम्र विनंती.’

पहिला प्रश्न प्रसंगाचा. रेटॉरिकचे अमेरिकन अभ्यासक लॉइड बिट्झर यांनी १९६८मध्ये मांडलेली विभागणी इथे फार कामाची आहे: कोणती निकड सांगितली आहे, ती दूर करणं कोणाच्या हातात आहे, आणि बोलणाऱ्यावर कोणती बंधनं आहेत. या पत्रात निकड भाषेची आहे, उपाय मात्र पैशाचा. मधला दुवा लिहिलेलाच नाही. तो वाचणाऱ्याने मनात भरायचा. लगेच ‘फसवणूक’ असा शेरा मारू नका. कार्यक्रमपत्रिका पाहा. मुलांची मराठी पाठांतर स्पर्धा किंवा नाटुकलं असेल, तर दुवा आहे, फक्त पत्रात आलेला नाही.

दुसरं काम शब्दांच्या सोबतीचं. अमेरिकन समीक्षक केनेथ बर्क यांच्या पद्धतीत वारंवार येणारे किंवा जोर दिलेले तीन-चार शब्द निवडतात आणि प्रत्येकाच्या शेजारी काय काय येतं ते मांडतात. इथे ‘आपला’ तीनदा येतो: आपली मराठी, आपला वारसा, आपला हातभार. मराठीत ‘आपण’ म्हणजे तुम्ही-आम्ही सगळे, आणि आदराने म्हटलेलं ‘तुम्ही’सुद्धा. जागा बदलून तपासा. ‘तुमची मराठी’, ‘तुमचा वारसा’ म्हटलं तर पत्र कोसळतं. ‘तुमचा हातभार’ मात्र अगदी नीट बसतं. म्हणजे वारसा सगळ्यांचा, हातभार वाचणाऱ्याचा. आणि शब्द तोच असल्यामुळे हा सांधा बदललेला जाणवत नाही. चिकित्सेत शोधायचं असतं ते असं काहीतरी, ज्यावर बोट ठेवून दाखवता येईल.

म्हणूनच हिंदी मजकूर मराठीत करून मग तपासू नये. हिंदीतल्या ‘हम’मध्ये मराठीतले ‘आम्ही’ आणि ‘आपण’ दोन्ही मावतात. इंदुरी बोलीतलं ‘अपन’ ऐकणाऱ्यालाही सोबत ओढून घेतं. भाषांतर करताच हा फरक तुम्ही स्वतःच ठरवून टाकता.

सूचनांना बर्क यांचीच १९४५ची पंचसूत्री लावा: काय घडलं, कुठल्या परिस्थितीत, कोणी केलं, कशाने, कशासाठी. ‘तांत्रिक कारणांमुळे उद्या पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल.’ करणारा गायब. सगळं काही परिस्थितीने केलं. आता ‘समितीने मोटर दुरुस्तीला दिली आहे, म्हणून उद्या पाणी सोडता येणार नाही’ असं लिहून शेजारी ठेवा, फरक दिसेल. पण कर्मणी प्रयोग ही कार्यालयीन भाषेची सवयही असते, एका वाक्यावरून दडवादडवी सिद्ध होत नाही. त्याच समितीच्या पाच-सहा सूचना गोळा करा. नवीन गेट बसवताना ‘समितीने’ आणि पाणी बंद करताना ‘ठेवण्यात येईल’, असं वारंवार दिसलं तर तो नमुना.

घोषणेत मात्र न लिहिलेलं विधान शोधावं. ‘इंदौर रहेगा नंबर वन’ यातलं ‘रहेगा’ पहिला क्रमांक आधीच मिळालेला धरून चालतं. २०१७मध्ये स्वच्छ सर्वेक्षणात शहर पहिलं आलं, त्यानंतरच हे क्रियापद शोभतं. कर्ता शहर आहे, म्हणून कचरा वेगळा न करणारा माणूस नियम मोडणारा न दिसता शहराचा मान घालवणारा दिसतो. रेटॉरिकचेच अभ्यासक एडविन ब्लॅक यांनी १९७०मध्ये सुचवलेला प्रश्न इथे जोडा: हा मजकूर वाचणाऱ्याला कोण व्हायला सांगतो? इथे उत्तर आहे अभिमानी इंदूरकर. आणि कोण दिसत नाही? पहाटे रस्ता झाडणारे हात.

नवशिक्यांचं काम बहुधा तीन ठिकाणी फसतं. ‘हे भावनेला आवाहन, हे तर्काला’ अशी लेबलं लावून थांबणं ही सगळ्यात मोठी चूक. लेबल लावल्यावर खरं काम सुरू होतं. दुसरी, लिहिणाऱ्याच्या मनातला हेतू सांगणं. तिसरी, ‘यामुळे लोक वर्गणी देतात’ असं ठोकून देणं. मजकुरावरून फक्त आवाहनाची रचना कळते. परिणाम हवा असेल तर वाचणाऱ्यांना विचारावं लागतं.

लिहिताना एकच दावा करा, त्याला मजकुरातले तीन पुरावे द्या, आणि दाव्याच्या विरोधात जाणारी एक जागाही नोंदवा. अडीचशे-तीनशे शब्द पुरेत. मजकूर न वाचताही लिहिता आलं असतं असं प्रत्येक वाक्य खोडा. मग मूळ मजकुराची कोरी प्रत दुसऱ्या कोणाला देऊन खटकलेल्या जागांखाली रेघा मारायला सांगा. त्यांची एकही रेघ तुमच्या रेघेशी जुळली नाही, तर शब्द पुन्हा मोजायला घ्या.