आश्वे-मांद्र्याच्या किनाऱ्यावर सर्फिंगची वेळ कशी ठरवावी

गोव्याच्या पेडणे तालुक्यातील आश्वे, मांद्रे आणि हरमल येथील वाळूच्या उथळ तळावर फुटणाऱ्या लाटा शिकाऊ माणसाला सोयीच्या आहेत. मात्र त्यासाठी हंगाम आणि वारा दोन्ही जुळून यावे लागतात. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे समुद्र खवळलेला आणि ओढ अनावर असते, म्हणून लाल बावटा दिसताच फळी घरी न्यावी. ऑक्टोबरपासून पाणी निवळते. हिवाळ्यात लाटा बहुधा लहान असतात, परंतु अरबस्तानाकडील शमाल वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा कधीकधी वायव्येकडून इथवर पोहोचतात, तर एप्रिल-मेमध्ये दक्षिण महासागरातून निघालेल्या लांब पल्ल्याच्या लाटा येतात. अंदाज पाहताना केवळ उंची पाहणे ही नवख्यांची नेहमीची चूक होय, कारण एक मीटर उंचीची लाट 14 सेकंदांच्या अंतराने आली, तर ती 6 सेकंदांच्या लाटेपेक्षा कितीतरी जोरकस असते.

वाऱ्यासाठी पहाटे माडांकडे पाहावे. झावळ्या समुद्राकडे झुकत असतील तर मतलई वारा वाहत आहे, आणि तोच लाटेचा चेहरा, म्हणजे तिची पुढची बाजू, गुळगुळीत राखतो. दुपारी खारा वारा सुटला, की पाणी विसकटते. भरतीची वेळ काढायला कोळ्यांचा हिशेब पुरेसा आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे चतुर्थीला साधारण तीन वाजता पूर्ण भरती. पाण्यात उतरण्यापूर्वी निदान दहा मिनिटे काठावर उभे राहून लागोपाठ येणाऱ्या लाटांचे गट मोजावेत.