आवाज कुठून येतो, त्याआधी कधी येतो ते बघा

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत नाहीतर वाडीच्या ट्रक गॅरेजांत नव्याने आलेली पोरं इंजिन वाजतंय म्हटलं की आधी पाना शोधतात. डिप्लोमा असो की डिग्री, खोड तीच. आमचे उस्ताद तेव्हा हात धरायचे: “पह्यले थंडं आयक, मंग गरम आयक, मंग हात लाव.”

डिसेंबरात सकाळी स्टार्ट केल्यावर पोकळ खडखड आली आणि इंजिन तापताच विरली, तर संशय पिस्टन स्लॅपवर, म्हणजे ढिला पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटण्यावर. अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरशी असलेली फट कमी होते. बिग एंड बेअरिंगचं, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकशाफ्टला जोडतो तिथल्या बेअरिंगचं, उलटं. थंड, जाड ऑइल त्याचा ठोका दाबून ठेवतं. आपल्या मे महिन्यात ऑइल पातळ झालं की बेअरिंग बोलायला लागतं, लोड बदलताना तर हमखास. हा ठोका आला की ऑइल प्रेशर बघा आणि इंजिन बंद करा. चालवून बघण्याची हौस क्रँकशाफ्टला महागात पडते.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या वाढलेल्या फटीचा आवाज, त्यामानाने सरळ. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून एका व्हॉल्व्हची टिकटिक दोन फेऱ्यांत एकदाच. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून फट नीट करा, विषय संपला.

टेस्ट बेडवर (इंजिन बसवून तपासायच्या मांडणीवर) नोकरी मिळाली तर मात्र कानावर भागत नाही. सेन्सर लावून ग्राफ वाचावा लागतो, आणि नवे इथेच फसतात. चार सिलिंडरच्या जनरेटर इंजिनाचं उदाहरण घ्या. 1500 आरपीएम म्हणजे सेकंदाला 25 फेऱ्या. फायरिंग फेरीला दोनदा, पिस्टन-रॉडच्या हालचालीतून उरणारा दुय्यम असमतोलही फेरीला दोनदा. दोन्ही 50 हर्ट्झवर. आणि वायरिंगमधून केबलमध्ये शिरणारा विजेचा गोंगाटही 50 हर्ट्झचाच! कोण कुठला, कसं ओळखणार? इंजिन 1400 वर आणा. इंजिनाचं शिखर 46.7 ला सरकतं, विजेचं जागचं हलत नाही.

दोषी सिलिंडर शोधायला जुने मिस्त्री इंजेक्टरचा पाइप ढिला करून बघतात. कॉमन रेल डिझेलवर (जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं) हे चुकूनही करू नका. तिथे प्रेशर हजार बारच्या वर जातं आणि डिझेलची बारीक धार कातडीत घुसते. स्कॅनरवरून एकेक सिलिंडर बंद करून आवाजात पडलेला फरक ऐका.