पावसाळ्यानंतर आउटबोर्ड मशीन चालू होत नसेल तर

जून आणि जुलैच्या मासेमारी बंदीत कोकण किनाऱ्यावरच्या बहुतेक लहान होड्या वर ओढलेल्या असतात, आणि त्यांच्या मागच्या बाजूला बाहेरून लावायचे इंजिन, म्हणजे आउटबोर्ड मशीनही, बंद पडून असते. ऑगस्टमध्ये त्या पाण्यात उतरल्या की पुष्कळ ठिकाणी एकच तक्रार ऐकू येते, ती म्हणजे दोरी ओढून हात भरून आले तरी मशीन उठत नाही. अशा वेळी लगेच पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर खोलायला घेतला जातो, आणि माझ्या मते नुकसानीची सुरुवात तिथेच होते. दोष पेट्रोलचा आहे की करंटचा, म्हणजे ठिणगीचा, हे स्पार्क प्लग बाहेर काढून पाहिल्याखेरीज मशीनचा दुसरा कोणताही भाग खोलू नये. पुढील माहिती दोरीने चालू होणाऱ्या, कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑईल मिसळावे लागणाऱ्या) पेट्रोल मशीनसाठी आहे.

आधी बाहेरच्या गोष्टी पाहाव्यात. बंद करण्याच्या बटणाची लाल दोरीची क्लिप जागेवर आहे ना, गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना आणि टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना, याची खात्री करून घ्यावी. हा स्क्रू बंद राहिला तर मशीन चालू होऊन थोड्याच वेळात मरते, कारण टाकीत हवा न शिरल्याने पेट्रोल ओढले जात नाही. त्यानंतर टाकीतून मशीनकडे पेट्रोल ढकलणारा नळीवरचा रबरी बल्ब, त्यावरचा बाण मशीनकडे आणि वरच्या दिशेला येईल असा धरून, घट्ट होईपर्यंत दाबावा. कितीही दाबला तरी तो मऊच राहिला, तर बल्बचे व्हॉल्व्ह, नळीचे जोड किंवा कनेक्टरमधील रबरी रिंग यांपैकी कुठेतरी हवा शिरते आहे असे समजावे.

आता चोक, म्हणजे हवा कमी करून पेट्रोलचे प्रमाण वाढवणारी खुंटी, ओढून काही वेळा दोरी मारावी आणि लगेच प्लग काढावा. प्लग कोरडा निघाला तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. तो पेट्रोलने चिंब निघाला, तर एकतर मशीन ओव्हर झाले आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये गरजेपेक्षा जास्त पेट्रोल गेले आहे, किंवा करंट नाही. ओव्हर झालेल्या मशीनची नळी काढावी, चोक आत ढकलावा, थ्रॉटल पूर्ण उघडावा आणि पुसून कोरडा केलेला प्लग बसवून दोरी मारावी. मशीन उठताच थ्रॉटल कमी करून नळी जोडावी.

करंट तपासताना प्लग कॅपमध्ये बसवून त्याचे आटे इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवावेत, पण तो प्लगच्या भोकापासून लांब ठेवावा आणि सांडलेले पेट्रोल पुसून वाफ उडून जाऊ द्यावी, कारण त्या ठिणगीने आग लागू शकते. ठिणगी निळी आणि कडक दिसली पाहिजे. नवीन प्लग लावूनही ती दिसत नसेल, तर बंद करण्याच्या बटणाची वायर क्षणभर वेगळी करून पाहावी. खाऱ्या हवेने गंजलेले बटण आतून जोडलेले राहते आणि करंट खाऊन टाकते, हा दोष समुद्रकिनारी वारंवार आढळतो. मात्र वायर काढलेली असताना मशीन बटणाने बंद होत नाही, म्हणून हा प्रयोग प्लग बाहेर असतानाच करावा.

करंट चांगला असेल, तर संशय जुन्या पेट्रोलवर घ्यावा. आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल दमट हवेतील पाणी शोषून घेते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते, आणि नळीचे तोंडही नेमके तळाशीच असते. टू-स्ट्रोकमध्ये धोका आणखी मोठा आहे, कारण मिसळलेले ऑईल वरच्या पेट्रोलमध्येच राहते. तळातल्या थरावर मशीन चाललेच, तर पिस्टनला पुरेसे ऑईल मिळत नाही. म्हणून टाकीतले थोडे इंधन काचेच्या बाटलीत घेऊन स्थिर ठेवावे. दोन थर दिसले किंवा वार्निशसारखा आंबूस वास आला, तर सगळे इंधन काढून टाकावे, टाकी कोरडी करावी आणि फिल्टर बदलावा. नवीन पेट्रोलमध्ये मशीनच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणातच ऑईल मिसळावे. 50:1 प्रमाण असेल तर एका लिटरला 20 मिलिलिटर.

ताज्या इंधनावर मशीन फक्त चोक ओढलेला असतानाच चालत असेल, तर कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल जाण्याचे बारीक भोक असलेला भाग, चिकट थराने अरुंद झालेला असतो. कार्ब्युरेटर उघडण्याची वेळ आता आली. जेट क्लीनरने आणि हवेच्या झोताने साफ करावा. त्यात तार घालू नये, कारण भोक थोडे जरी मोठे झाले तरी पेट्रोलचे प्रमाण कायमचे बिघडते.

किनाऱ्यावर चाचणी घेताना मशीनचा पाय, म्हणजे पाण्यात बुडणारा खालचा भाग, गोड्या पाण्याच्या पिंपात, पाणी ओढणारी जाळी पूर्ण बुडेल इतका खोल ठेवावा. मशीन उठल्यावर मागून पाण्याची धार येत नसेल तर ते तत्काळ बंद करावे, कारण मशीन थंड ठेवणारे पाणी ओढणाऱ्या पंपाचे रबरी चाक कोरडे फिरल्यास फार लवकर जळते.