सदनिकेतील व्यायामशाळेसाठी साहित्य कसे निवडावे

घरी व्यायामाचे साहित्य आणायचे ठरले की बहुतेकांची नजर आधी ट्रेडमिलवर जाते. माझ्या मते दोन-तीन खोल्यांच्या सदनिकेत ही खरेदी सर्वांत शेवटी करावी आणि पहिला पैसा डंबेल्सवर घालावा; कारण त्यांची एक चांगली जोडी पलंगाखाली मावते, घरातल्या प्रत्येकाच्या उपयोगी पडते आणि बिघडण्यासारखे तिच्यात काही नसते.

ठरावीक वजनांच्या अनेक जोड्या घेण्यापेक्षा रॉड आणि सुट्या प्लेट्स घेणे केव्हाही फायद्याचे. १४ इंची दोन रॉड आणि १.२५, २.५ व ५ किलोच्या प्रत्येकी ४ प्लेट्स घेतल्या, की प्रत्येक हातात अडीचपासून साडेसतरा किलोपर्यंत अडीच-अडीच किलोच्या टप्प्याने वजन वाढवता येते. रॉड आणि कॉलर (प्लेट्स घसरू नयेत म्हणून रॉडच्या टोकांना लावायच्या कड्या) यांचे वजन त्यात वेगळे धरावे. प्लेट्स ओतीव लोखंडाच्याच असाव्यात. स्वस्त संचांत पुष्कळदा प्लास्टिकच्या कवचात सिमेंट किंवा वाळू भरलेल्या प्लेट्स असतात. तेवढ्याच वजनाला त्या बऱ्याच जाड होतात, त्यामुळे रॉडवरची जागा लवकर संपते, आणि कधी आपटल्या तर कवचाला तडा जाऊन आतला भुगा फरशीवर सांडतो. प्लेटचे भोक रॉडला जुळते का, हेही पाहून घ्यावे. ऑलिंपिक बारबेलच्या (दोन्ही हातांनी उचलायच्या लांब दांड्याच्या) प्लेट्सचे भोक सुमारे ५० मिलिमीटरचे असते, घरगुती रॉडची जाडी मात्र त्याच्या जवळपास निम्मी असते. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत उघड्या लोखंडावर पावसाळ्यात गंज चढतोच, तेव्हा रबराचे आवरण असलेल्या प्लेट्सना थोडे जास्त पैसे मोजलेले बरे.

बाक घेताना त्याची सांगितलेली वजनक्षमता स्वतःचे वजन आणि उचलायचे वजन यांच्या बेरजेपेक्षा बरीच अधिक असावी, आणि शक्य असल्यास दुकानातच त्यावर आडवे पडून तो डुगडुगतो का, ते पाहावे. घरी उभ्याने डोक्यावर वजन उचलायचे असेल, तर छताच्या पंख्याखालची जागा टाळावी. (हे सांगावे लागू नये, पण लागते.)

पुल-अप बारच्या, म्हणजे लटकून शरीर वर खेचण्याच्या दांड्याच्या, बाबतीत घाई नको. चौकटीच्या वरच्या पट्टीवर अडकवायचा बार चित्रात सोयीचा दिसतो, परंतु आपल्याकडच्या अनेक दारांना तशी भक्कम, पुढे आलेली पट्टीच नसते. भिंतीत बोल्टने बसवायचा बार घेतला, तर भिंत काँक्रीटची आहे की हलक्या ब्लॉकची, याची खात्री करावी. हलक्या ब्लॉकमध्ये साधा अँकर बोल्ट झटके सहन करीलच असे नाही. शंका असल्यास रबरी रेझिस्टन्स बँड घ्यावेत आणि ते उन्हात ठेवू नयेत.

जमिनीवर जाड रबरी मॅट हवीच. राहत्या घरांच्या स्लॅबचे गणित साधारण चौरस मीटरला २०० किलो भार धरून केलेले असते, म्हणून सगळी वजने एका कोपऱ्यात रचून ठेवू नयेत.

एवढे साहित्य काही महिने नियमित वापरात राहिले आणि तरीही ट्रेडमिल हवीच असेल, तर मोटरचा ‘पीक’ (क्षणभरापुरता कमाल) नव्हे, तर सलग चालतानाचा अश्वशक्तीचा आकडा विचारावा, पट्टा आपल्या ढांगेला पुरतो का ते चालून पाहावे, १६ अँपिअरचा सॉकेट जवळ असल्याची खात्री करावी आणि मागे पडल्यास इजा होऊ नये इतकी, निदान २ मीटर, जागा मोकळी सोडावी.