इंदूरच्या गच्चीवरून पृथ्वी कशी मोजावी

नकाशात इंदूरवर बोट ठेवा आणि ते सरळ खाली ओढत आणा. भुसावळ, जालना, बीड यांच्या अगदी जवळून जात बोट सोलापूरला पोचतं. इंदूरचे रेखांश ७५.८६ अंश पूर्व, सोलापूरचे ७५.९१. म्हणजे दोन्ही शहरं जवळजवळ एकाच रेषेवर, एक वर आणि एक बरोबर तिच्या खाली. इंदुरात मराठी घरं भरपूर, आणि त्यांतल्या बऱ्याच घरांचं कोणी ना कोणी सोलापूरकडे असतंच. माझी मावशी तिथे आहे. तेवढ्या भांडवलावर आमच्या दोन घरांनी मिळून पृथ्वीचा घेर मोजला. तो तुम्हालाही मोजता येईल, आणि त्यासाठी दुर्बीण वगैरे काहीही लागत नाही.

यामागचा विचार सोपा आहे. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर. इतक्या लांबून येणारे किरण इंदूरला आणि सोलापूरला समांतरच पोचतात. तरीही भर दुपारी, त्याच मिनिटाला, सारख्याच उंचीच्या काठीची सावली इंदुरात लांब पडते आणि सोलापुरात आखूड. किरण समांतर असताना सावल्या वेगळ्या पडतात, कारण मधली जमीन वाकलेली आहे. ती किती अंशांनी वाकली ते सावल्या सांगतात. एवढ्या अंशांना एवढे किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? शाळेतलं त्रैराशिक, बस.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इजिप्तमध्ये हाच हिशेब मांडला होता. त्याला अलेक्झांड्रियात सावलीचा कोन ७.२ अंश मिळाला, म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग. आपल्याकडे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनीही हेच त्रैराशिक सांगितलं: दक्षिणोत्तर असलेली दोन गावं घ्या, त्यांच्या अक्षांशांतला फरक काढा, मधलं अंतर मोजा. आणि आपल्या जुन्या ज्योतिषांची मध्यरेषा उज्जैनवरून जात असे, ती तर आपल्या या रेषेच्या अगदी शेजारची. जमलं तर आधी एकदा उज्जैनच्या वेधशाळेत जाऊन या. सवाई जयसिंगाने १८व्या शतकात बांधलेली आणि १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवून घेतलेली ही वेधशाळा आजही वापरात आहे. तिथल्या शंकू यंत्राजवळ थोडा वेळ थांबा. गोल ओटा, मधोमध उभा शंकू आणि सावलीसाठी आखलेल्या रेषा. आपण गच्चीवर करणार आहोत ते हेच, लहान प्रमाणात.

दिवस कोणता निवडायचा

मी २२ डिसेंबरच्या आसपासचा दिवस सुचवेन, आणि त्याला कारणं आहेत. माळव्यात तेव्हा आकाश बहुधा मोकळं असतं. सूर्य खाली असल्यामुळे सावली लांब पडते, त्यामुळे मोजण्यात एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी फारसं बिघडत नाही. मार्चमध्ये हाच मिलिमीटर जवळपास दुप्पट महागात पडतो. तिसरं कारण मला सगळ्यात आवडतं. डिसेंबरच्या त्या आठवड्यात सूर्य दक्षिणेकडे जायचा थांबून परत फिरत असतो, म्हणून चार-दोन दिवस त्याची दुपारची उंची बदलतच नाही म्हणा ना. सोलापुरात ढग आले तर मावशीने दुसऱ्या दिवशी मोजलं तरी चालतं. मार्चच्या विषुवदिनाजवळ सूर्य रोज ०.४ अंश सरकतो. तिथे एक दिवस चुकला की सगळा हिशेब गेला.

मोजायचं ते खऱ्या माध्यान्हीला, म्हणजे सूर्य सगळ्यात उंच असताना. ती वेळ मात्र घड्याळातल्या १२ची नाही. आपलं घड्याळ, म्हणजे भारताची प्रमाणवेळ, ८२.५ रेखांशाचं, आपण त्याच्या पश्चिमेला. एका अंशाला ४ मिनिटं धरली तर इंदूर साडेसव्वीस मिनिटं मागे. त्यात सूर्य स्वतः वर्षभर थोडा पुढे-मागे होत असतो. हे सगळं धरून २२ डिसेंबरला इंदूरचा खरा माध्यान्ह १२ वाजून २५ मिनिटांच्या सुमाराला येतो, आणि सोलापूरचाही तेव्हाच. दोन शहरांत जेमतेम बारा सेकंदांचा फरक. म्हणून व्हिडिओ कॉल लावून दोघांनी एकाच वेळी मोजता येतं. मावशीची आठवीतली नात फोनवर "आता, आता!" म्हणून ओरडत होती आणि इकडे आमच्या फळीवर प्रकाशाचा तोच ठिपका सरकत होता.

काठी नको, भोक घ्या

सगळीकडे काठी रोवायला सांगतात. काठीने काम होतं, पण तिच्या सावलीचं टोक धूसर असतं. सूर्य हा बिंदू नाही, अर्ध्या अंशाची चकती आहे, त्यामुळे सावलीची कड एका जागी संपतच नाही. पट्टी कुठे लावायची यावरून दोघांचं एकमत होत नाही.

त्याऐवजी वीतभर लांबी-रुंदीचा जाड पुठ्ठा घ्या आणि मधोमध ३ मिलिमीटरचं भोक पाडा. पुठ्ठा उंच स्टुलाच्या किंवा टेबलावर ठेवलेल्या खोक्याच्या कडेबाहेर आडवा काढून घट्ट चिकटवा. भोकाची उंची खालच्या फळीपासून बरोबर १०० सेंटीमीटर ठेवा, पुढचा भागाकार वाचतो. मग बारीक दोऱ्याला नट बांधून ओळंबा करा आणि तो भोकातून खाली सोडा. गच्चीवर वारा असतो, ओळंबा झुलत राहतो. कोणाला तरी चादर धरून आडोसा करायला सांगा. ओळंबा स्थिर झाला की तो जिथे टेकतो तिथे फळीवर फुली मारा. ही फुली म्हणजे आपल्या न रोवलेल्या काठीचा पाया.

आता पुठ्ठ्याच्या सावलीत, फुलीच्या उत्तरेला, एक लंबगोल उजेड पडलेला दिसेल. नीट बघा त्याच्याकडे. तो भोकाचा आकार नाही. भोक तीन मिलिमीटरचं आणि उजेड एक-दोन सेंटीमीटरचा: ती सूर्याचीच प्रतिमा आहे. भोक चौकोनी पाडलंत तरी उजेड गोलसरच पडेल. आम्ही हे पाहिलं तेव्हा माझे वडील, जे एरवी गच्चीवर फक्त ऊन खायला येतात, खुर्ची सोडून फळीशेजारी उकिडवे बसले.

मुलांना एक गोष्ट मात्र बजावून सांगा: बघायचं ते फळीवर. भोकातून वर सूर्याकडे कोणीही डोळा लावायचा नाही.

फळी समतल करणं, हेच खरं काम

इथे घाई करू नका. पहिल्या वर्षी आम्ही पुठ्ठा, ओळंबा सगळं जमवलं आणि थेट गच्चीच्या फरशीवर मोजलं. सावली आली १०२.६ सेंटीमीटर, आणि पृथ्वीचा घेर निघाला ४३,७०० किलोमीटरच्या आसपास. संध्याकाळभर आम्ही आकडे पुन्हा पुन्हा मांडत बसलो. चूक आकड्यांत नव्हती. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून प्रत्येक गच्चीला ढाळ असतो. आमच्या गच्चीचा ढाळ दक्षिणेकडच्या पन्हाळीला आहे, म्हणजे उत्तरेकडे फरशी चढत जाते. मीटरभरात ती जेमतेम दीड सेंटीमीटर चढते, चालताना पायाला कळतही नाही. पण तेवढ्याने सावली दीड सेंटीमीटर आखूड झाली आणि पृथ्वी साडेतीन हजार किलोमीटरनी फुगली.

म्हणून चार-साडेचार फूट लांबीची, न वाकलेली प्लायची फळी घ्या, ती उत्तर-दक्षिण ठेवा आणि खाली पुठ्ठ्याच्या घड्या सरकवत समतल करा. गवंड्याची पाणसळ असेल तर उत्तम. त्याहून चांगली ती पारदर्शक नळी, जिच्यात पाणी भरून गवंडी दोन भिंतींची पातळी जुळवतात. नळीची दोन तोंडं फळीच्या दोन टोकांशी उभी धरा. पाण्याची उंची दोन्हीकडे फळीपासून सारखी भरली की झालं. नळीत हवेचा बुडबुडा अडकलेला नको, तो असेल तर पाणी फसवतं. फळी आडवीकडेही तपासा. आम्हाला यालाच पाऊण तास लागला. फळी समतल झाल्यावर भोकाची उंची आणि फुली पुन्हा तपासायला विसरू नका.

खुणा करा

१२ वाजून १० मिनिटांपासून दर दोन मिनिटांनी उजेडाच्या मधोमध पेन्सिलीने बारीक ठिपका द्या. १२:४० पर्यंत चालू ठेवा. ठिपके पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत जातील, मिनिटाला अर्ध्या सेंटीमीटरहून थोडे जास्तच. डोळ्यांनी दिसेल इतकं हे सरकणं असतं. ती पृथ्वीची गती आहे, तुमच्या पेन्सिलीच्या टोकाखालून जाणारी.

नंतर सगळे ठिपके सावकाश एका वक्ररेषेने जोडा आणि फुलीपासून या रेषेचं सगळ्यात कमी अंतर मोजा. तीच माध्यान्हीची सावली. फुली आणि तो बिंदू जोडणारी रेषा म्हणजे तुमच्या घराची खरी उत्तर-दक्षिण. गच्चीच्या कठड्यावर ती कायमची खुणावून ठेवा, पुढच्या वेळी उपयोगी पडते. एखाददुसरा ठिपका चुकला किंवा घड्याळ मिनिटभर मागे असलं तरी काळजी नको, कारण माध्यान्हीच्या अलीकडे-पलीकडे सावलीची लांबी फार हळू बदलते.

हिशेब

दुसऱ्या वर्षी आमची सावली आली १०४.० सेंटीमीटर, मावशीकडची ८७.३. सावलीला उंचीने भागा: १.०४० आणि ०.८७३. फोन आडवा धरला की कॅल्क्युलेटरमध्ये टॅनची उलटी क्रिया (tan⁻¹) मिळते. तो रेडियनवर नसून डिग्रीवर आहे ना, ते आधी बघा. उत्तरं आली ४६.१२ आणि ४१.१२ अंश. म्हणजे सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून इंदुरात ४६.१२ अंश खाली आणि सोलापुरात ४१.१२ अंश. वजाबाकी, बरोबर ५ अंश. कोनमापकाने कागदावर कोन काढायच्या फंदात पडू नका, त्यात अर्धा अंश सहज चुकतो आणि आपला सगळा फरकच पाच अंशांचा आहे.

दोन्ही शहरांमधलं सरळ अंतर सुमारे ५६० किलोमीटर. रस्त्याचं घ्यायचं नाही, रस्ता वळणं घेत जातो. ५६० गुणिले ३६० भागिले ५: ४०,३२० किलोमीटर. ध्रुवांवरून मोजलेला पृथ्वीचा खरा घेर ४०,००८. एक टक्क्याहून कमी चूक! फोनवर मावशी काही बोललीच नाही, मग म्हणाली, "अगं, आपण मोजली का गं ही?"

इथे एक प्रामाणिक प्रश्न येतो, आणि तो भाचीने विचारला. नकाशावरचं अंतर घ्यायचं, पण नकाशा करणाऱ्यांनी पृथ्वीचं माप आधीच धरलेलं असतं, मग आपण नवं काय केलं? प्रश्न रास्त आहे. पण ते माप हवेतून आलेलं नाही. १८०२ साली विल्यम लँबटनने दक्षिणेत सुरू केलेली मोजणी साखळ्या जमिनीवर अंथरून, मग त्रिकोणांवर त्रिकोण रचत उत्तरेकडे सरकत गेली. लँबटन १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. काम जॉर्ज एव्हरेस्टने पुढे नेलं आणि त्यातली एक पायारेषा, म्हणजे प्रत्यक्ष जमिनीवर मोजलेली त्रिकोणाची बाजू, आपल्याच मध्यप्रदेशात, सिरोंजला मोजली गेली. अंतर पायाखालच्या जमिनीवरून आलं आहे, कोन आकाशातून आपण आणतो आहोत.

सोलापुरात कोणी नसेल तर

जालना किंवा बीडही चालेल, फक्त कोनातला फरक कमी आणि म्हणून चूक मोठी. बडोद्याच्या मंडळींना मुंबई सोयीची, रेखांशात पाव अंशाच्या आसपासच फरक. पण अक्षांशांत सव्वातीन अंशच मिळतात, तेव्हा फळी आणखी जपून लावा. ग्वाल्हेरहून हैदराबाद धरलंत तर पावणेनऊ अंश, फारच छान. शहरं एका रेषेवर नसली तर प्रत्येकाने आपापल्या माध्यान्हीला मोजायचं आणि किलोमीटर घेताना फक्त उत्तर-दक्षिण अंतर घ्यायचं, तिरकं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत करणार असाल तर एक खाचखळगा आहे. साधारण १२ मे ते ६ जून या काळात सूर्य दुपारी सोलापूरच्या उत्तरेला आणि इंदूरच्या दक्षिणेला असतो. तेव्हा मावशीचा उजेड फुलीच्या दक्षिणेला पडतो आणि तुमचा उत्तरेला. अशा वेळी कोनांची वजाबाकी नाही, बेरीज करायची.

आणि ६-७ जूनला, ढगांनी कृपा केली तर, १२ वाजून २५ मिनिटांच्या सुमाराला इंदुरात ओळंब्याच्या फुलीवरच उजेड येऊन बसतो. सावली शून्य. आपल्याला काही मोजायचंच उरत नाही. सोलापूरच्या फळीवर फुलीपासून दक्षिणेकडे पावणेनऊ-नऊ सेंटीमीटर भरतात का, तेवढं मावशीला विचारायचं.