शाळेच्या ऑर्केस्ट्राच्या सूचना मुलांना आणि पालकांना कशा लिहायच्या

शाळेच्या ऑर्केस्ट्राला पालक म्हणून मदत करायला लागलं की पहिलं काम गळ्यात पडतं ते सूचना पाठवायचं. रिहर्सल संपता संपता सर किंवा मॅडम भराभर पाच गोष्टी सांगतात, तोवर मुलं वाद्यांच्या केस (पेट्या) बंद करायला लागलेली असतात, निम्म्यांनी ऐकलेलंच नसतं, आणि मग रात्री कोणीतरी ते सगळं आठवून आठवून लिहायचं असतं. मी हे काम बरीच वर्षं करतेय आणि माझं ठाम मत झालंय की मूल घरातून निघताना त्याच्या हातात काय हवं आणि ते किती वाजता कुठे पोचायला हवं, एवढं घरच्यांना एका नजरेत कळलं नाही तर बाकी कितीही छान लिहा, ती सूचना फुकट गेली.

आधी वेळेचं बोलू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. कॉन्सर्टच्या दिवशी वेळा तीन असतात, मुलांनी पोचायची, स्टेजवर बसून वाद्यं जुळवायची आणि प्रेक्षकांसाठी कार्यक्रम सुरू व्हायची. एका वर्षी मी नुसतं 'कॉन्सर्ट सहा वाजता' असं लिहिलं. चेलो वाजवणारी एक मुलगी बरोब्बर सहाला आली, बघते तर सगळे स्टेजवर बसलेले, तिची खुर्ची रिकामी आणि तिचा चेलो अजून केसमध्ये. ती काही बोलली नाही, केसचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरून दाराशी उभी राहिली, आणि पहिला पीस संपेपर्यंत तिला तिथेच थांबावं लागलं. तिची आई मला एवढंच म्हणाली, "ताई, तुम्ही सहाच लिहिलं होतं." खरंच तसंच लिहिलं होतं. तेव्हापासून मुलांची पोचायची वेळ मी सगळ्यात वर लिहिते, आणि कार्यक्रमाच्या वेळेपुढे 'ही वेळ प्रेक्षकांसाठी' असं न चुकता लिहिते, भले दर वेळी तेच वाचून कोणी कंटाळो.

आणि एवढं लवकर का यायचं हेही एका ओळीत सांगा. कारण कळलं की पालक मनापासून साथ देतात, नाहीतर त्यांना वाटतं मुलांना उगाच ताटकळत ठेवतायत. कारण साधं आहे, तारेची वाद्यं लाकडाची असतात, बाहेरच्या हवेतून हॉलमध्ये आली की तारांचा सूर सरकतो, त्यात स्टेजवरच्या दिव्यांची ऊब. गंमत म्हणजे गरम झालं की तारेची वाद्यं थोडी उतरतात आणि फुंकून वाजवायची वाद्यं चढतात, म्हणजे व्हायोलिन आणि फ्लूट एकमेकांपासून उलट्या दिशांना जातात. म्हणून सगळ्यांनी त्याच खोलीत थोडा वेळ आधी वाजवून मग एकत्र जुळवायचं असतं. ऑर्केस्ट्रात ओबो हे फुंकून वाजवायचं वाद्य असेल तर तो ए, म्हणजे सगळ्यांनी जुळवून घ्यायचा सूर, देतो, नुसती तारेची वाद्यं असतील तर पहिल्या खुर्चीवरचं व्हायोलिन देतं, बहुतेक ठिकाणी हा ए ४४० हर्ट्झचा धरतात. घरी ट्यूनर वापरणाऱ्यांना हा आकडा नक्की कळवा, कारण ट्यूनर चुकून ४४२ वर राहिला तर मूल घरी एकदम सुरात असतं आणि रिहर्सलला आल्यावर शेजाऱ्याशी जुळत नाही, आणि बिचाऱ्याला कळतच नाही आपलं काय चुकतंय.

आता हातात काय हवं ते. इथे 'आपापलं साहित्य आणावं' असं लिहून सुटका करून घेऊ नका, नवीन पालकांना साहित्य म्हणजे काय ते माहीतच नसतं. वाद्यानुसार लिहा. व्हायोलिन आणि व्हायोलावाल्यांना शोल्डर रेस्ट (वाद्य खांद्यावर टेकवायचा आधार) आणि रोझिन, म्हणजे बोच्या (गजाच्या) केसांना लावायची राळ. चेलोवाल्यांना रोझिन आणि एंडपिनचा, म्हणजे चेलोच्या बुडाला असलेल्या काठीचा, खाली जमिनीवर ठेवायचा स्टॉपर, हा तर मी प्रत्येक वेळी वेगळ्या ओळीत लिहिते, कारण गुळगुळीत फरशीवर स्टॉपर नसेल तर चेलो पुढे पुढे घसरत जातो आणि मूल सगळं लक्ष गुडघ्यांनी तो धरून ठेवण्यात घालवतं. क्लॅरिनेटवाल्यांना किमान दोन-तीन चांगल्या रीड्स (फुंकायच्या जागी लावायच्या पातळ पट्ट्या), ट्रम्पेटवाल्यांना व्हॉल्व्ह ऑइल (दाबायच्या कळांना घालायचं तेल). व्हायोलिनवाल्यांकडे एक जादा ई तार असू दे, चारातली ती सगळ्यात बारीक आणि बहुतेक वेळा तीच आधी तुटते. आणि पेन्सिल सगळ्यांना.

पेन्सिलीवर मी जास्त बोलते कारण पेन आणणारी मुलं दर वर्षी भेटतात. रिहर्सलमध्ये बोइंग, म्हणजे कुठल्या सुराला बो कुठल्या दिशेला न्यायचा ते, बदलतं, आज खाली ओढायचा बो उद्या वर ढकलायचा होतो, पेनने लिहिलेलं खोडता येत नाही आणि मग त्याच ओळीवर तीन खुणा साठतात. शिवाय बरंच छापील म्युझिक भाड्याने किंवा शाळेच्या लायब्ररीतून आलेलं असतं, ते परत देताना खुणा पुसून द्यायच्या असतात.

बोइंगचा बदल कळवायचा झाला तर तो इतका नेमका लिहा की मुलाला विचारायला फोन करावा लागू नये. पीसचं नाव, कुठला सेक्शन (वाद्यांचा गट), बार नंबर (छापील म्युझिकमधल्या खान्याचा क्रमांक), कितवी मात्रा, आणि खाली की वर. म्हणजे असं: 'सेकंड व्हायोलिन, बार ३३, तिसऱ्या मात्रेपासून अपबो, बार ३७ पर्यंत'. नुसतं 'मधल्या भागात बोइंग बदललंय' लिहिलं तर आठ मुलं आठ जागी खूण करतात, आणि स्टेजवर एक बो वर जाताना शेजारचा खाली येतो, ते प्रेक्षकांना लांबूनही दिसतं. सूचना पाठवायच्या आधी मी हे बार नंबर सेक्शनमधल्या एका मोठ्या मुलाकडून पार्टमध्ये, म्हणजे त्या सेक्शनपुरत्या छापील कागदात, तपासून घेते. पाच मिनिटांचं काम असतं, पण सरांच्या हातातल्या स्कोअरमधले (त्यात सगळ्या वाद्यांचं म्युझिक एकत्र असतं) आणि मुलांच्या पार्टमधले नंबर कधी कधी वेगळे निघतात, विशेषतः दोन वेगवेगळ्या प्रकाशनांचे असले तर.

प्रॅक्टिसच्या सूचनेचंही तेच. 'घरी चांगली प्रॅक्टिस करा' हे वाचून आजवर कोणी वाद्य बाहेर काढलं असेल असं मला वाटत नाही. त्यापेक्षा 'बार ४१ ते ४८, मेट्रोनोम ६० वर, आधी फक्त डाव्या हाताची बोटं, मग बो लावून, बुधवारपर्यंत ७२ वर यायला हवं' असं लिहा (मेट्रोनोमचे हे आकडे म्हणजे मिनिटाला किती ठोके). ज्यांना संगीतातलं काही कळत नाही अशा पालकांनासुद्धा मग मुलाला विचारता येतं, बाळा, साठवर झालं का? वाद्यं मिसळलेली असतील तर स्केल सांगताना कॉन्सर्ट पिच (प्रत्यक्ष कानाला ऐकू येणारा सूर) असा शब्द घाला, कारण व्हायोलिनवाला बी फ्लॅट स्केल वाजवतो तेव्हा बी फ्लॅट क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटवाल्याच्या कागदावर सी असतो आणि हॉर्नवाल्याच्या कागदावर एफ. हे न लिहिल्यामुळे एका आठवड्यात सगळे ट्रम्पेट-हॉर्नवाले घरून चुकीची स्केल पक्की करून आले होते, आणि मुलांनी इमानदारीने केलेली मेहनत अशी वाया गेली की फार वाईट वाटतं.

गैरहजेरीची सूचना मात्र बहुतेक लोक लिहायला विसरतात. तारेच्या सेक्शनमध्ये दोन मुलांत एक स्टँड असतो, आतल्या बाजूला बसलेलं मूल पानं उलटतं आणि बाहेरचं वाजवत राहतं. त्या दोघांत एकच पार्ट असेल आणि तो घेऊन गेलेलं मूल आजारी पडलं तर शेजारच्याच्या समोर रिकामा स्टँड. म्हणून नियमच करा की येणार नसाल तर आदल्या रात्री कळवायचं आणि पार्ट कुणाबरोबर तरी पाठवायचा किंवा त्याचा स्पष्ट फोटो काढून पाठवायचा. हा नियम वर्षाच्या सुरुवातीला एकदा लिहून भागत नाही, प्रत्येक कॉन्सर्टच्या तीन आठवडे आधी परत लिहा.

वाद्याच्या काळजीबद्दल दर महिन्याला एकच गोष्ट लिहा, एकदम दहा लिहिल्या तर एकही लक्षात राहत नाही. पहिल्या महिन्यात माझं ठरलेलं असतं, वाजवून झालं की बो सैल करा आणि बोच्या केसांना बोट लावू नका, कारण हाताचं तेल लागलं की रोझिन तिथे धरत नाही. पुढच्या महिन्यात, बंद गाडीत वाद्य ठेवू नका, व्हायोलिन-चेलो ज्या सरसाने जोडलेले असतात तो उष्णतेने मऊ पडतो आणि सांधे सुटतात. हवा फार कोरडी झाली की खुंट्या आकसून सुटतात आणि सकाळी केस उघडावी तर चारही तारा ढिल्या. साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता या वाद्यांना मानवते, म्हणून हीटर किंवा एसीच्या झोतासमोर केस ठेवायची नाही.

एक गोष्ट मात्र महिन्याची वाट न बघता पहिल्याच आठवड्यात सांगा. ब्रिज, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती लाकडी घोडी, चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबावर उभा असतो, आणि आतली छोटी काठी, साउंडपोस्ट, तीसुद्धा अशीच नुसती अडकवलेली असते. हौसेने वाद्य पुसायला म्हणून कोणी चारही तारा एकदम काढल्या तर ती काठी आत पडू शकते. तारा बदलायच्या तर एकेक करून. आणि काठी पडलीच, आत खडखड वाजायला लागली, तर तारा ढिल्या करून वाद्य सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्यायचं, घरी तार ताणून बघायची नाही, कारण आधार नसताना ताण दिला तर वरची फळी खचते किंवा तडकते.

वर्षाच्या सुरुवातीला साइजबद्दल लिहायला विसरू नका. मूल वाढतं आणि वाद्य तेवढंच राहतं. व्हायोलिन खांद्यावर ठेवून डावा हात सरळ केला की टोकाची गुंडाळी मनगटापासून तळव्याच्या मध्यापर्यंत कुठेतरी यायला हवी, हे पालक घरी बघू शकतात, पण साइज बदलायचा निर्णय शिकवणाऱ्यांनाच घेऊ द्या. पुष्कळ पालकांना वाटतं थ्री-फोर्थ म्हणजे पाऊण लांबीचं, तसं नसतं, फुल साइजची बॉडी साधारण ३५.५ सेंटिमीटर आणि थ्री-फोर्थची ३३-३३.५ च्या आसपास. मूल वाढेल म्हणून आधीच मोठं घेतलं तर बोटं ताणली जातात आणि सूर खाली पडतो.

काय लिहायचं नाही तेही ठरवून घ्या. कोणाला कुठली खुर्ची मिळाली, ऑडिशनमध्ये कोण मागे पडलं, कोणाची फी राहिलीय, कोणाचं वाद्य तुटलं, हे सगळ्यांसमोर कधीच नाही, त्या घराला वेगळं कळवा. कॉन्सर्टचे फोटो पाठवायच्या आधी पालकांची परवानगी घ्या, आणि फोटोखाली मुलांची पूर्ण नावं नकोत. कौतुक मात्र सगळ्यांसमोर करा, आणि नेमकं करा. 'व्हायोलांनी बार ५६ चा शांत भाग एकमेकांचं ऐकून वाजवला' असं वाचलं की शेवटच्या रांगेतलं मूलसुद्धा आईला दाखवतं.

माझी कॉन्सर्टच्या आठवड्यातली सूचना साधारण अशी असते:

'शनिवार, १२ डिसेंबर. मुलांनी शाळेच्या हॉलच्या मागच्या दाराशी ४.३० वाजता. जुळवणी ५.१५. कार्यक्रम ६.०० (ही वेळ प्रेक्षकांसाठी). संपायची वेळ साधारण ७.१५. कपडे: पूर्ण काळे, बूटमोजेही काळे. आणायचं: वाद्य, बो, रोझिन, पार्ट, पेन्सिल, पाण्याची बाटली. चेलोंनी स्टॉपर. काही अडलं तर शुक्रवारी रात्री आठपर्यंत मला कळवा.'

बस, एवढंच. वार आणि तारीख दोन्ही लिहा आणि कॅलेंडर उघडून जुळतायत का ते बघा, शनिवारी १३ लिहिलं गेलं तर निम्मे लोक वारावर जातात आणि निम्मे तारखेवर. पाठवलेल्या सूचनेत बदल झाला तर जुनीत गुपचूप दुरुस्ती करू नका, नवीन पाठवा आणि पहिल्याच ओळीत लिहा की काय बदललंय, 'वेळ बदलली: ४.३० ऐवजी ४.००'. आणि आठवड्याचा एक वार ठरवून त्याच वारी पाठवा, लोकांना सवय होते, त्या दिवशी ते स्वतःहून बघतात. मधे मधे सुटे मेसेज पडत राहिले की महत्त्वाचा नेमका त्यात बुडतो.

प्रेक्षकांसाठी दोन ओळी वेगळ्या, आजी-आजोबांनाही कळतील अशा. मोठ्या रचनेत बहुतेक वेळा एकाहून जास्त भाग असतात, प्रत्येक भागानंतर थोडी शांतता येते, तिथे टाळ्या नकोत, सर वळून प्रेक्षकांकडे बघतील तेव्हा मनसोक्त वाजवा. उशीर झाला तर पीस संपेपर्यंत दाराशी थांबा. फोन बंद.

कॉन्सर्ट झाल्यावर सगळे दमलेले असतात आणि सूचना लिहायचा कोणालाच उत्साह नसतो, पण शेवटची सूचना त्याच रात्री जाऊ द्या, कारण दोन दिवस गेले की पार्ट कपाटात जातात ते पुढच्या वर्षी सापडतात. आधी मुलांचं मनापासून कौतुक, मग कुणाचा रोझिन, कुणाचा स्टॉपर, कुणाची शोल्डर रेस्ट मागे राहिलीय ते, आणि मग: 'सोमवारी सगळे पार्ट परत आणायचे आहेत. येताना रबर आणा, खुणा आपण एकत्र बसून पुसू.'