वासराची गोळी पेंड पावसाळ्यात नासते, ती या चुकांनी

"वासरू गोळीला तोंडच लावत नाही" म्हणून कुणी बोलावलं की मी हल्ली आधी पोत्यात हात घालतो, वासरू नंतर बघतो. राधानगरी, गगनबावड्याकडं जुलै-ऑगस्टात दुखणं बहुतेक वेळा पोत्यातच सापडतं.

हिशेबच चुकलेला असतो. दोन म्हशींना ५० किलोचं पोतं आठवडाभर पुरतं. दुसऱ्या आठवड्यात काफ स्टार्टरवर, म्हणजे वासराच्या पहिल्या गोळी खाद्यावर, आलेली कालवड मात्र सुरुवातीला दिवसाला ५०-१०० ग्रॅम चघळते. एकटीच असली तर पुढं खाणं वाढत गेलं तरी तेच पोतं दोन-अडीच महिने तोंड उघडं टाकून बसतं. आणि आपण थप्पीच आणून ठेवतो.

मीही ठेवली होती. दर वाढणार असं ऐकलं, जूनअखेर चार पोती आणली. कालवड एक. पोती गोठ्याच्या कोपऱ्यात कोब्यावर, भिंतीला टेकवून. आई म्हणाली, "खाली फळी तरी घाल रं." घातली नाही. ऑगस्टात पुढचं पोतं उघडलं. वरच्या गोळ्या खणखणीत, पण कोपरापर्यंत हात घातला तर आत कोमट. तळाला वीतभर थर गठ्ठा झालेला, हिरवट बुरशीचा. तिथं थांबायचं, तर मी शहाणपणा केला. गठ्ठा फोडला, बुरशी झटकली, उघडीप मिळाल्यावर वाळवून घातली. आठवड्यात कालवडीचं खाणं तुटलं, केस उभे राहिले, हगवण लागली. डॉक्टरांनी पेंड हुंगली आणि म्हणाले, "दादा, उन्हानं बुरशी वाळते, तिचं विष राहतं." बुरशीचं असं एक विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन; ते उकळलं तरी जात नाही, यकृतावर बसतं. आमच्या पोत्याची तपासणी काही झाली नाही, पण पेंड बंद केल्यावरच ती सावरली. वाढीत मागं पडली ती पडलीच. उरलेली पेंड खड्ड्यात पुरली. "कोंबड्यांना घाला की" म्हणणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. कोंबडीलाही ते विष बाधतं.

मानकाप्रमाणं पशुखाद्यात ओलावा ११ टक्क्यांच्या आत लागतो. कारखान्यातनं गोळी कोरडीच येते. पण तिच्यात उसाची मळी, म्हणजे मोलॅसिस, असते आणि मळी हवेतलं पाणी ओढते. पावसाळ्यात गूळ कसा पाझरतो हे कोल्हापूरकराला मी काय सांगावं!

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे पोतं प्लास्टिकच्या कागदात गच्च गुंडाळणं. वरनं पत्रा. दिवसा तापतो, रात्री गार पडतो, मग पत्र्याला आणि कागदाला आतनं थेंब धरतात. पाऊस बाहेर ठेवला आणि पाणी आत कोंडलं.

पोती आपटू नका. गोळीचा भुस्सा होतो, वासरू तो हुंगून शिंकतं आणि बाजूला होतं. मी चाळून गोळी वासराला, कोरडा भुस्सा म्हशीला घालतो.

गव्हाणीत उरलेली, लाळ लागलेली पेंड परत पोत्यात ओतणारे धन्य आहेत.

वासराला युरिया चालत नाही, म्हणून युरियाचं पोतं शेजारी नको. मोठ्या जनावरांची युरिया घातलेली पेंडही वेगळी ठेवा, दिसायला गोळ्या सारख्याच.

उंदराच्या लेंड्या दिसल्या तर नुसत्या वेचून भागत नाही, मूत दिसत नाही.

पुराचं पाणी लागलेलं पोतं वरनं वाळलं तरी टाकायचंच.

माझी रीत अशी: विटांवर फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर, पोत्यावर खडूनं आणल्याची तारीख. आठवड्यापुरती पेंड झाकणाच्या कोरड्या पिंपात काढायची आणि पोत्याला लगेच सुतळी. पिंप रिकामं झालं की पुसून, वाळवून मगच पुन्हा भरायचं. घाईवाले नवे गडी जुन्या भुकटीवरच नवीन ओततात, मग बुरशीला विरजण मिळतं.

पावसाळ्यात आम्ही गल्लीतली तीन घरं मिळून एकच पोतं आणतो. ते कुणाच्या सोप्यात ठेवायचं यावरनं दरवेळी वाद होतो, पण महिन्याच्या आत संपतं.